उजवीकडचा खालचा बोल्ट

सॉडरहाम्न, ११ जानेवारी १९९८

इंग्वे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून दिलंस तर मला आश्चर्य वाटणार नाही. उघडलं असशील तर शेवटपर्यंत वाच. कामाचंच लिहिते आहे.

सिक्स्टनच्या खणात, मोटरसायकलच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, एक चिठ्ठी सापडली. दोन ओळी. ‘मोटरसायकल इंग्वेला. बाकी सगळं गुनवोरला.’ खाली चार वर्षांपूर्वीची तारीख. साक्षीदारांच्या सह्या नाहीत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं तो नुसता कागद. पण अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे आणि तू त्याचा सख्खा भाऊ, म्हणून तुला कळवणं माझं काम.

गाडी जूनमध्ये पोलिसांकडून परत आली. शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. इंजिन आणि मागची बाजू ठीक दिसते. पुढचं चाक चेपलं आहे आणि ते धरणाऱ्या फोर्कचे दोन्ही पाय मागे इंजिनापर्यंत वाकले आहेत. तेच फोर्क, जे तू गेल्या एप्रिलमध्ये जुन्या मॉडेलचे आणून बसवलेस. सिक्स्टनची गाडी अठ्ठ्याहत्तरची, फोर्क त्र्याहत्तरचे. ‘त्याच मापाचे आहेत वहिनी, डोळे झाकून बसतात,’ असं तू म्हणाला होतास.

तपासनिसाचा अहवाल तू पाहिलेला नाहीस. त्यातला भाग उतरवते. ‘पुढच्या चाकाचा एक्सल उजव्या पायात पकडून ठेवणारा बोल्ट सुमारे दोन वेढे सैल आढळला. तो अपघातात सैल झाला की आधीपासून होता, हे निश्चित सांगता येत नाही. बोल्टवर लाल रंगाची खूण आहे. वळणावर हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेली खडी पसरलेली होती.’

लाल रंगाची खूण म्हणजे माझं नेलपॉलिश, हे त्या तपासनिसाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तू दर वेळी माझ्याकडून ती बाटली मागून न्यायचास. सिक्स्टनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये, सगळे कॉफी पीत असताना, मी तुला जे म्हणाले ते या अहवालावरून म्हणाले. ते शब्द मागे घेण्यासाठी हे पत्र नाही.

गाडी कधी नेतोस ते महिनाअखेरपर्यंत कळव.

गुनवोर


८ फेब्रुवारी

इंग्वे,

तुझं कार्ड मिळालं. पुढे किरुनाच्या चर्चचं चित्र आणि मागे दोन शब्द. ‘भंगारात दे.’

भंगारवाला मंगळवारी येणार होता. त्याला गाडी उचलायला सोपं जावं म्हणून सोमवारी मी शेडमधली वाट मोकळी केली, ताडपत्री काढली आणि थोडा वेळ उभी राहिले. मंगळवारी सकाळी त्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. सिक्स्टननं ‘भंगार इंग्वेला’ असं लिहिलेलं नाही. मोटरसायकल लिहिलं आहे. तेव्हा तुझ्या ताब्यात मोटरसायकलच देईन. मग तिचं काय करायचं ते तू ठरव.

मला पाना कसा धरायचा ते माहीत नाही असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण एकतीस वर्षं मी औषधं मोजून दिली आहेत. मोजायचं, लिहून ठेवायचं, उलट्या क्रमानं परत लावायचं, एवढं मला जमतं. फ्रेम एका दुकानात तपासून घेतली. ती सरळ आहे. नवे फोर्क कुठेच मिळत नाहीत, म्हणून बोल्नेसच्या पुढे आल्गोटच्या जुन्या सुट्या भागांच्या कोठारात गेले.

तुला तिथला वास माहीत आहे. स्टोव्ह पेटलेला, त्यावर कॉफी उकळून काळी झालेली. आल्गोट राजा समोर आला तरी अरे-तुरेच करेल, तसंच माझ्याशी केलं.

‘काय पाहिजे?’

‘फोर्क.’

‘जेवायचा का गाडीचा?’

‘अठ्ठ्याहत्तरच्या गाडीला बसेल असा.’

‘अठ्ठ्याहत्तरचे विसर. तू घरदार लिहून दिलंस तरी आता मिळायचे नाहीत. त्र्याहत्तरचे बसतात.’

‘ते एकदा बसवून झाले आहेत,’ मी म्हणाले.

तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं. ‘अच्छा. सिक्स्टनची तू.’ मग बराच वेळ तो एका खोक्यात काहीतरी शोधत राहिला. मला वाटतं, काहीच शोधत नव्हता. ‘तो धाकटा इथूनच घेऊन गेला होता,’ तो खोक्याकडे बघत म्हणाला. ‘दीड तास एकेक पाइप काचेवर लोळवत बसला होता. मी म्हटलं, अरे, फोर्क निवडतोयस का नवरी? तर म्हणे, भावाची गाडी आहे.’

हे मी तुला का लिहिते आहे ते मला सांगता येणार नाही. त्यानं सांगितलं, म्हणून लिहिलं.

फोर्कची एक जोडी आणि एक चाक आणलं आहे. पाइपला आउट, म्हणजे वाकडेपणा, आहे की नाही ते काचेवर कसं बघतात? ऑइल किती घालायचं? कुठला बोल्ट आधी आवळायचा आणि कुठला नंतर? माझ्याशी बोलायची तुझी इच्छा नसेल, तर फक्त आकडे पाठव.

गुनवोर


१ मार्च

इंग्वे,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, नुसत्या सूचना. मला तसंच बरं पडलं.

‘सपाट काच घे. आरसा चालेल. पाइप हलकेच लोळव. खालून उजेडाची फट उघडमीट करताना दिसली तर आउट आहे. मग तो पाइप वापरू नकोस, सरळ करत बसू नकोस.’ त्याप्रमाणे दाराजवळच्या भिंतीवरचा आरसा उतरवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवा ठेवला. सिक्स्टन कामावर जाताना त्यात टोपी सरळ करायचा. पाइप लोळवला तेव्हा खाली दुसरा पाइप लोळला आणि वर माझा चेहरा. दोन्ही पाइप सरळ निघाले. फट नाही.

पण माझं समाधान झालं नाही, म्हणून पट्टी लावली. एक पाइप दुसऱ्यापेक्षा बारा मिलिमीटरनं आखूड. आल्गोटनं एक त्र्याहत्तरचा दिला होता आणि एक त्याच्याही आधीचा. जाडी तीच, गंज तोच, लांबी वेगळी. परत पंचेचाळीस किलोमीटर गेले.

‘बारा मिलिमीटर?’ आल्गोट म्हणाला. ‘टीच्या पकडीत थोडा वर-खाली सरकवून आवळ की. कोण बघतंय?’

‘मी बघते आहे.’

‘तुमच्या औषधांच्या दुकानात लोक फार दिवस जगत असतील.’

‘काही जण,’ मी म्हणाले.

त्यानं बदलून दिला. वर एक क्रीमचा बन दिला. उपासाच्या दिवसांआधीच्या त्या आठवड्यात सगळीकडे तेच मिळतात. तो मी गाडीत बसून खाल्ला.

आता शेडमधलं. तुटलेल्या बाजूचे सगळे जुने बोल्ट काढून मी एका ट्रेमध्ये, काढले त्या क्रमानं लावून ठेवले आहेत. अकरा आहेत. अकराही लाल. त्यांतल्या दहांवर तुझी ती एकच तिरकी रेघ आहे, बोल्टच्या डोक्यावरून निघून बाजूच्या धातूवर गेलेली. अकरावा उजवीकडचा खालचा, एक्सलचा. तो मी निराळा ठेवला आहे.

सिक्स्टनच्या सेटमधला तेरा नंबरचा पाना सापडत नाही. बाकी सगळे जागच्या जागी आहेत. त्याच्या खाचेत धूळ बसली आहे.

आणखी एक विचारायचं आहे. ती लाल रेघ तू नक्की कशासाठी मारतोस? आणि कधी? बोल्ट आवळायच्या आधी, की नंतर? नुसती शोभा असेल, किंवा गंज लागू नये म्हणून असेल, तर तसं लिही. तसं असेल तर लगेच लिही.

गुनवोर


१५ मार्च

इंग्वे,

उत्तर मिळालं. ‘आवळून झाल्यावर. रेघ आहे म्हणजे झालं. रेघ नाही म्हणजे बाकी आहे. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. सिक्स्टनला माहीत होतं. आम्हाला बाबांनी शिकवलं.’

ऑइल सीलही मिळाले. धन्यवाद. ‘कोरडे बसवू नकोस’ हे वाचलं.

इथे अजून बर्फ आहे. मला थोडी सर्दी होती, म्हणून काम थांबलं होतं. दुकानातही चार दिवस गेले नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, म्हणून डॉक्टर स्वतः फोन करून चौकशी करत होते.

जास्त लिहीत नाही.

गुनवोर


२९ मार्च

इंग्वे,

लिस्बेटचं मला पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस. बायकोनं लिहायला हवं ते तिनं लिहिलं आहे. तू खाणीच्या वर्कशॉपमधून स्वतः मागून गोदामात बदली घेतलीस, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरातला नळ ऑक्टोबरपासून गळतो आहे आणि तू त्याला हात लावत नाहीस, हेही नव्हतं. तिनं तुझं वाक्य उतरवलं आहे. ‘माझ्या हाताचा मला भरवसा नाही.’ आणि शेवटी मला विनंती केली आहे की मी तुला गाडीबद्दल लिहिणं थांबवावं. प्रत्येक पत्रानंतर तू तीन दिवस बोलत नाहीस म्हणे.

मी थांबवणार आहे. पण अजून नाही.

फोर्क बसले. तू लिहिल्याप्रमाणे प्रत्येक पायात एकशे नव्वद मिलिलिटर ऑइल घातलं. दुकानातलं काचेचं मापपात्र आणलं होतं. डोळ्याच्या रेषेत धरून मोजलं, आणि ओतल्यावर आत किती चिकटून राहिलं तेही धरलं. वरच्या टीचे बोल्ट झाले, खालच्या टीचे झाले, चाक चढलं. तुझी शेवटची सूचना भिंतीवर टाचली आहे. ‘उजवीकडचा खालचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी गाडीवर बसून ब्रेक धर आणि फोर्क पाच-सहा वेळा दाब. म्हणजे दोन्ही पाय आपोआप एका रेषेत येतात. मग तो आवळ.’

म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी, त्या शनिवारी तीन वाजता तुमचं तेवढंच बाकी होतं. आता मला कळतं आहे की सिक्स्टन गाडीवर बसून लहान मुलासारखा वर-खाली का होत होता. मी स्वयंपाकघराच्या पायरीवरून हाक मारली. ‘तीन वाजले. कॉफी ओतली आहे.’ तू म्हणालास, ‘दोन मिनिटं, वहिनी.’ मी म्हणाले, ‘दोन मिनिटांत कॉफी थंड होते.’ आणि सिक्स्टन म्हणाला, ‘चल रे, तिच्या घड्याळापुढे कुणाचं चालत नाही.’

आपल्याकडे तीनची कॉफी म्हणजे तीनची. मी कधी कुणाला त्यात सूट दिली नाही.

मग टेबलावर बोटघराचा विषय निघाला. सिक्स्टनला ते विकायचं होतं, तुला नको होतं. खरं म्हणजे तुम्ही दोघं शांतपणे बोलत होता. मीच मध्ये पडले. ‘वर्षातून एकदा येतोस आणि हक्क सांगतोस,’ हे मी म्हणाले. बाबा गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायलाही उशिरा पोचला होतास, हेही मीच म्हणाले. तू अर्धा कप तसाच ठेवून उठलास. पाच मिनिटांनी तुझी व्हॅन गेटबाहेर गेली. सिक्स्टन बोटघराकडे चालत गेला.

मी कप विसळले. आज एवढंच जमतं आहे.

गुनवोर


५ एप्रिल

इंग्वे,

अकरावा बोल्ट.

त्याच्यावर रेघ नाही. त्याचं अख्खं डोकं रंगवलेलं आहे. मधोमध एक थेंब ठेवून मग कडेपर्यंत पसरवलेला, कडा नीट, बाजूच्या धातूवर एक ठिपकाही नाही. नख रंगवतात तसा. तू तसं कधी करत नाहीस. ते मी केलं.

कप विसळून झाल्यावर मी माझी बाटली आणायला शेडमध्ये गेले. बाकावर झाकण उघडंच होतं. इतका लाल रंग आणि त्यात एकच बोल्ट उघडा. मला वाटलं, एवढा रंग द्यायचा राहिला. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. बोल्ट आवळला आहे की नाही, असा विचारच माझ्या मनात आला नाही. माझ्या लेखी ते रंगकाम होतं.

पण मी तो का रंगवला, ते खरं लिहायचं तर निराळं आहे. मला वाटलं, हे एक काम अर्धवट दिसलं तर सिक्स्टन तुला फोन करेल. तू दाराशी परत येशील, दोघं हसाल, आणि मी टेबलावर जे बोलले ते माझ्यापाशीच राहील. मला तू परत यायला नको होतास. म्हणून मी गुडघ्यावर बसून तो नीट रंगवला. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि घरात घेऊन आले.

रविवारी सकाळी सिक्स्टन गाडी बाहेर काढण्याआधी पुढच्या चाकाशी वाकला होता. खिडकी उघडी होती. तो एकेका बोल्टला बोट लावत होता आणि स्वतःशीच म्हणत होता, ‘लाल. लाल. लाल.’ शेवटच्यापाशी थोडा थांबला. मग मला हाक मारून म्हणाला, ‘बघितलंस? एवढा भांडून गेला, पण काम पुरं करून गेला. असा आहे माझा भाऊ.’

मला राग आला. अजून तो तुझीच बाजू घेतो, असं वाटलं. मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर त्याचं-माझं काही बोलणं झालं नाही.

वळणावर खडी होती. कदाचित खडीनंच झालं असेल. तपासनीस म्हणतो सांगता येत नाही, आणि मलाही सांगता येत नाही. एवढं सांगता येतं, की त्यानं खुणेवर भरवसा ठेवला आणि ती खूण तुझी नव्हती.

हे मला कधी कळलं, ते तू विचारशील. पक्कं कळलं तुझ्या मार्चमधल्या उत्तरानं. पण अहवालातली ‘लाल रंगाची खूण’ वाचली त्या दिवशी मला तो मी रंगवलेला बोल्ट आठवला होता. मी ते तिथेच दाबून टाकलं. चर्चच्या हॉलमध्ये मी इतक्या मोठ्यानं बोलले ते त्यामुळेच. ‘तुझ्या भंगारानं त्याला नेलं.’ तू चमचा बशीत ठेवलास, कोट घेतलास आणि एक शब्दही न बोलता गेलास. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे. तसं वाटणं मला सोयीचं होतं. मार्चमध्ये मी तुला रेघेचा अर्थ विचारला तो माहिती हवी म्हणून नाही. तू ‘शोभेसाठी’ म्हणावंस म्हणून विचारला.

दुकानात आमची पद्धत आहे. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं आणि मग सही करायची. न मोजता सही करणारी एक मुलगी मी पाच वर्षांपूर्वी कामावरून काढली होती. ती रडत होती, आणि मी तिला म्हणाले होते, ‘सही म्हणजे शाई नव्हे.’ हे वाक्य आता मला रोज आठवतं.

हे पत्र लिस्बेटला वाचून दाखव. त्या दिवशी हॉलमध्ये होते त्या सगळ्यांना मी एकेक पत्र लिहिलं आहे. एकोणीस पत्रं, याच्याबरोबरच पोस्टात टाकते. त्यात लिहिलं आहे की फोर्क सरळ होते, दहा बोल्ट आवळलेले होते, आणि अकराव्यावरची खूण माझ्या हातची होती. अहवाल लिहिणाऱ्यालाही एक गेलं.

गाडीचे दहा बोल्ट आवळून झाले आहेत. प्रत्येक मी दोनदा तपासला. अकरावा नुसता बोटानं फिरवून ठेवला आहे. तेरा नंबरचा पाना बाजारात मिळतो. मी आणलेला नाही. त्या बोल्टला पाना लावायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही.

तुझं उत्तर येईल असं धरून चाललेले नाही.

गुनवोर


१९ एप्रिल

इंग्वे,

पार्सल काल दुपारी आलं. हातात घेतल्याबरोबर आत काय आहे ते कळलं. खाचेत ठेवून पाहिला. बरोबर बसला.

तुझी चिठ्ठी मी इथे पुन्हा उतरवते, कारण ती मी बरोबर वाचली की नाही ते तू मला सांगायचं आहेस.

‘वहिनी, हा पाना मला त्या दिवशी सुंड्सवालला पेट्रोल भरताना खिशात सापडला. तू हाक मारलीस तेव्हा हातातच होता. म्हणजे शेवटचा बोल्ट राहिला, हे मला तेव्हाच कळलं. पंपावर फोन होता. मी रागात होतो. म्हटलं, रेघ नाही, दादाला दिसेलच, तो आवळेल. आणि पुढे निघालो. मग जानेवारीत तू लिहिलंस की त्यावर लाल खूण होती. तेव्हापासून मी समजत होतो की मीच घाईत आधी रेघ मारली आणि ते विसरलो. तीन महिने मी तो हात आठवून बघतोय. आता कळलं की मारली नव्हती. पण फोनही केला नव्हता. तो बोल्ट तू आवळ. आधी आवळ, मग रेघ. या क्रमानं.’

मी ही चिठ्ठी बाकावर ठेवली आणि बराच वेळ शेडमध्ये बसले. तुला मी मोकळं करते आहे असं मला वाटत होतं. तू मला तुझा वाटा पाठवलास. तो नाकारायचा मला हक्क नाही, आणि तुझा माझ्या वाट्यातून वजाही होत नाही. दोन्ही तसेच राहतील. निदान आता एका घरात राहतील.

आज सकाळी गाडीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. ब्रेक धरला आणि फोर्क सहा वेळा दाबले. शेजारच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाईला काय वाटलं असेल ते वाटो. मग खाली उतरून तेराचा पाना लावला आणि उजवीकडचा खालचा बोल्ट आवळला. हाताला जेवढा जोर आहे तेवढा लावला. थोडं थांबून पुन्हा पाना लावला. हलला नाही.

रेघ मारलेली नाही.

तुझा क्रम मी मोडत नाही. पण आमच्याकडे मोजतो तो सही करत नाही, सही दुसऱ्यानं करायची असते. मी आवळला आहे. तू ये, तुझ्या हातानं पाना लावून बघ, आणि मग रेघ मार. तुझ्या हाताचा तुला भरवसा नसेल तर माझ्या हाताचा तर मुळीच नाही. दोघांचा मिळून कदाचित एका बोल्टला पुरेल.

लिस्बेटलाही आण. बोटघर विकलेलं नाही. चावी तिथेच आहे, वळचणीखाली.

बाटलीतला रंग घट्ट झाला होता. दोन थेंब अ‍ॅसिटोन घालून सारखा केला आहे. बाकावर ठेवली आहे, झाकण लावून. शुक्रवारी नगरपालिकेची गाडी येऊन रस्त्यावरची सगळी खडी झाडून गेली, गिरणीजवळच्या त्या वळणापर्यंत.

तीनला मी हाक मारणार नाही. तुझं झालं की तू मार. कॉफी तेव्हा ओतीन.

तुझी वहिनी,
गुनवोर